भोकरदनची पांढर आणि काशावरचा हिरवा थर

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातला शेतकरी मातीचे दोन प्रकार सांगतो. पेरायची ती काळी आणि जुन्या गावठाणाची ती पांढरी. पांढर म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचा साचलेला ढीग: पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं, फुटकी खापरं. माळवदावर टाकायला आणि शेताला खत म्हणून मराठवाड्यात ही माती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेली गेली. तिच्यातून कधी एखादं नाणं निघतं, कधी बांगडीचा तुकडा, कधी काजळ घालायची शलाका. हिरवं पडलेलं. सापडणाऱ्याचा हात आधी चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो, आणि निम्मा पुरावा तिथेच संपतो.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. केळणा नदीकाठच्या या पांढरीत १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा गाजली, कारण तिचं नातं थेट इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जुळलं. हस्तिदंताचं कौतुक झालं ते योग्यच. पण सातवाहनकालीन गावांत हस्तिदंतापेक्षा कितीतरी जास्त संख्येने मिळतं ते तांबं, कासं आणि शिसं, आणि त्यांच्याकडे आपण पाहतो ते फक्त मिश्रधातूत काय किती टक्के, एवढ्याच प्रश्नापुरतं. वरचा थर मात्र घाण समजून खरवडून टाकला जातो. त्या थराबद्दल जगात गेल्या दोनशे वर्षांत काय कळलं, विशेषतः विद्युत-रासायनिक पद्धतींनी, आणि आपल्याकडच्या वस्तूंना ते कसं लागू पडतं, हे या लेखात पाहायचं आहे.

जालन्यात गंज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भंगार वितळवून सळई करणारं हे शहर. पावसाळ्यात उघड्यावर पडलेली सळई चार दिवसांत लाल होते. लोखंडाचा गंज पोकळ आणि सुटा असतो. तो आतल्या धातूला झाकत नाही, उलट पाणी धरून ठेवतो. तांब्याचं तसं नाही. तांब्यावर आधी क्युप्राइट नावाचा लाल ऑक्साइड घट्ट बसतो, त्यावर मॅलाकाइटचा हिरवा कार्बोनेट चढतो, आणि परिस्थिती बरी असेल तर क्षरण जवळजवळ थांबतं. दोन्हींमागची क्रिया मात्र एकच. धातूच्या पृष्ठभागावर एक जागा धनाग्र होते, तिथून धातूचे आयन निघून जातात. दुसरी जागा ऋणाग्र होते, तिथे हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. ओलसर माती दोघांना जोडते. वस्तू जमिनीत पडल्या पडल्या एक नकळत चालणारी बॅटरी बनते. म्हणूनच हे क्षरण व्होल्ट आणि ॲम्पिअरमध्ये मोजता येतं.

कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, आणि त्याच्या बाबतीत एक कोडं आहे. शाळेतल्या तक्त्यात तांब्याचं प्रमाण विभव अधिक ०.३४ व्होल्ट, कथलाचं उणे ०.१४. विभव जितकं उणे तितका धातू लवकर विरघळतो, म्हणजे कथील आधी विरघळायला हवं आणि तांबं मागे राहायला हवं. जमिनीत नेमकं उलटं घडतं. कथलाचा ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो जिथल्या तिथे राहतो. तांबं मात्र हळूहळू बाहेर झिरपतं आणि वरच्या थरात किंवा मातीत जाऊन बसतं. फ्रान्सच्या ल्युक रोबिओला आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली पुरातत्त्वीय काशांचे अनेक छेद तपासून हे नीट मांडलं. त्यांनी दोन प्रकार केले. पहिल्यात पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, वस्तूचा मूळ आकार सूक्ष्म तपशिलांसह टिकतो. दुसऱ्यात क्लोराइड आत घुसतं, फोड येतात, खड्डे पडतात आणि मूळ पृष्ठभाग हरवतो.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. पहिला असा, की हातात धरायचं क्ष-किरण यंत्र वस्तूवर टेकवून जी टक्केवारी मिळते ती बहुतेक वेळा धातूची नसते, क्षरणाच्या थराची असते. तांबं निघून गेल्याने कथील फुगून दिसतं. अशा आकड्यांवरून 'हे कासं परदेशी, ते देशी' असे निष्कर्ष काढले जातात तेव्हा जरा थांबावं. दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. सातवाहनांच्या नाण्यावरचं ब्राह्मी अक्षर पुष्कळदा धातूवर उरलेलंच नसतं. धातू आत खचलेला असतो. अक्षराची उंची टिकलेली असते ती क्युप्राइटच्या थरात. नाणं आम्लात टाकलं की चकचकीत तांबं हाती येतं, आणि राजाचं नाव वाटीतल्या हिरव्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

महाराष्ट्रातली सातवाहन नाणी अभ्यासकांपर्यंत येतात त्यांतली बरीच झारेकऱ्यांच्या हातून. पैठण, नेवासा, जुन्नर, तेर अशा ठिकाणी नदीकाठची माती धुऊन नाणी वेचणारे हे लोक नसते तर या राजवंशाचा इतिहास फार तोकडा राहिला असता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घासलेल्या नाण्याला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं, हे खरं दुखणं आहे. संग्राहकाने हिरवं नाणं हिरवंच मागितलं तर बाजार आपोआप बदलेल.

आता क्लोराइडकडे येऊ, कारण म्युझियममधल्या काशाच्या अर्ध्या डोकेदुखीचं मूळ तिथे आहे. जमिनीत असताना क्लोराइडचे आयन धनाग्राकडे ओढले जातात आणि क्युप्राइटच्या खाली, धातूला चिकटून, क्युप्रस क्लोराइडच्या रूपात साठतात. तिथे ते शतकानुशतकं गप्प पडून असतात. वस्तू बाहेर काढली, तिला ऑक्सिजन आणि दमट हवा मिळाली की ते जागे होतात. क्युप्रस क्लोराइडपासून फिकट हिरवी पूड तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आतलं तांबं खातं, नवं क्लोराइड बनतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चक्र ओळखलं. याला काशाचा रोग म्हणतात. डेव्हिड स्कॉट यांच्या कामानुसार हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या खाली ठेवली तर तो दबून राहतो.

क्लोराइड म्हटलं की कोकणची खारी हवा आठवते. समुद्रापासून इतक्या दूर जालन्यात ते कुठून येणार? पांढरीतूनच. माणसं आणि गुरं एका जागी शेकडो वर्षं राहिली की मूत्र, शेण, राख, स्वयंपाकाचं मीठ हे सगळं त्याच मातीत मुरतं. शिवाय मराठवाड्यातला पाऊस मातीतले क्षार पार धुऊन काढण्याइतका नसतो, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ते पुन्हा वर येतात. बाजूच्या शेतातली काळी माती वेगळी वागते. ती चुनखडीयुक्त, सामू सातच्या वर, म्हणून आम्लाचा त्रास कमी. पण उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात आणि ऑक्सिजन थेट खोलवर उतरतो. तेव्हा एकाच गावच्या शिवारात काळीतून निघालेलं नाणं आणि पांढरीतून निघालेलं नाणं यांची क्षरणकथा निराळी असू शकते. नाणं कुठे सापडलं एवढं लिहून भागत नाही. ते कोणत्या मातीत सापडलं हेही हवं.

काळ्या मातीचा धागा अनपेक्षित ठिकाणी पोचतो. स्वीडनने अणुकचरा जाड तांब्याच्या डब्यांत भरून, भोवती बेंटोनाइट माती ठासून, खोल खडकात पुरण्याची योजना आखली. तांबं हजारो वर्षं टिकेल हे सिद्ध कसं करायचं? तिथल्या संशोधकांनी १६७६ साली बुडालेल्या 'क्रूनान' या युद्धनौकेची काशाची तोफ तपासली. समुद्रतळाच्या चिकणमातीत रुतलेल्या तोफेचं क्षरण वर्षाला सुमारे ०.१५ मायक्रोमीटर निघालं, म्हणजे हजार वर्षांत ०.१५ मिलिमीटर. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपली काळी मातीही त्याच कुळातल्या खनिजांमुळे फुगते आणि भेगाळते. दख्खनच्या काळ्या मातीत दोन हजार वर्षं पडलेलं तांबं हा त्या दृष्टीने एक तयार प्रयोगच आहे, ओल्या-कोरड्या ऋतुचक्रासकट.

उपचारांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. जॉन डेव्ही यांनी १८२६ साली कॉर्फूच्या एका ग्रीक शिरस्त्राणावरच्या थरांचं वर्णन आपल्या भावाला, म्हणजे प्रसिद्ध हम्फ्री डेव्हींना, पत्राने कळवलं, तेव्हा निदान कुतूहल होतं. पुढे मात्र सगळा भर सफाईवर आला. बर्लिनच्या राजसंग्रहालयांत १८८८ साली फ्रीडरिख राट्‌गेन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. जस्त आणि कॉस्टिक सोड्याने थर उतरवायची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी फिंक आणि एल्ड्रिज यांनी १९२५ साली वस्तूलाच ऋणाग्र करून, दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीज सोडून क्षरण उलटवण्याची रीत सांगितली. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात मूर्तींवर विद्युत-अपघटनाचे उपचार केले. त्या काळी आणि रोगाने पोखरलेल्या मूर्तींपुरतं ते समजण्यासारखं होतं. पण या पद्धतीत रोगट थराबरोबर निरोगी थरही जातो आणि मूळ पृष्ठभाग त्याच थरात असेल तर तोही जातो. क्लोराइड निघालं आणि साक्षही निघाली, असा तो सौदा होता. नंतर १९६० च्या दशकात बेंझोट्रायाझोल आलं. ते तांब्याच्या आयनांशी जोडून पातळ संरक्षक पापुद्रा बनवतं आणि थर न काढता क्षरण रोखतं. आजही तेच सर्रास वापरलं जातं, जरी त्याच्या विषारीपणाबद्दल शंका आहेत आणि क्लोराइड खोल असेल तर ते पुरं पडत नाही.

खरा बदल झाला तो वीज सफाईसाठी वापरायची सोडून विचारपूस करायला वापरली तेव्हा. सर्वांत साधी पद्धत म्हणजे वस्तू द्रावणात ठेवून, वीज न देता, संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत तिचं विभव पाहत राहणं. ते स्थिर असेल तर थर सांभाळून आहे. घसरत असेल तर आत काहीतरी चालू आहे. दुसरी, विभव थोडं वर-खाली करून विद्युतधारा मोजणं, ज्यातून क्षरणाचा वेग निघतो. मात्र ही धातूला थोडी इजा करते, म्हणून ती खऱ्या वस्तूपेक्षा तुकड्यांवर किंवा मुद्दाम बनवलेल्या नमुन्यांवर करावी. दिल्लीच्या लोहस्तंभावरच्या कामामुळे ओळखले जाणारे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी सहकाऱ्यांसह जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या प्राचीन तांब्याच्या क्षरणाचाही अभ्यास केला होता. २००९ साली ते गेले. त्या तोडीचं, एकाच माणसाने धरून ठेवलेलं काम नंतर आपल्याकडे क्वचितच दिसतं.

तिसरी पद्धत प्रतिबाधा वर्णपटाची. फक्त दहा-एक मिलिव्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्यायचा, त्याची वारंवारता हजारो हर्ट्‌झपासून हर्ट्‌झच्या शतांशापर्यंत उतरवत न्यायची आणि वस्तू किती अडवते ते टिपायचं. थर दाट आहे की सच्छिद्र, वर दिलेला लेप काम करतोय की नुसताच चमकतोय, हे वस्तूला ओरखडाही न पाडता कळतं. अडचण एवढीच की मूर्ती वाकडीतिकडी, ती द्रावणात बुडवता येत नाही. माद्रिदच्या एमिलियो कानो यांच्या गटाने त्यावर उपाय काढला: द्रावण आगरमध्ये घट्ट करून जेलीची छोटी चकती मूर्तीवर बसवायची. पुतळे आणि शिल्पांवर, जागेवरच, ही मापं घेता येतात.

आणि चौथी पद्धत मला आपल्यासाठी सर्वांत मोलाची वाटते. फ्रिट्झ शोल्झ यांनी १९८९ च्या सुमारास मांडलेली आणि व्हॅलेन्सियाच्या अंतोनियो दोमेनेक-कार्बो यांनी पुरातत्त्वात रुळवलेली सूक्ष्मकणांची व्होल्टॅमेट्री. यात शिसपेन्सिलीच्या शिशासारखी ग्रॅफाइटची कांडी घेतात. तिचं टोक नाण्याच्या हिरव्या थरावर हलकेच टेकवून घासतात. टोकाला चिकटलेली पूड डोळ्यांना दिसतही नाही. मग ती कांडी ॲसिटेटच्या सौम्य आम्लधर्मी द्रावणात उभी करून विभव हळूहळू उणे बाजूला नेतात. एका ठिकाणी धारेचा उंचवटा येतो तो क्युप्राइटचा, थोडं पुढे गेल्यावर दुसरा येतो तो टेनोराइट या काळ्या ऑक्साइडचा. शिसं असेल तर त्याचा वेगळा. नाण्यावर खूण उरत नाही. सगळं अर्ध्या तासाचं काम.

या उंचवट्यांवरून वयाचा अंदाजही घेता येतो. क्युप्राइटवर काळाच्या ओघात टेनोराइट वाढत जातो. दोघांचं गुणोत्तर माहीत वयाच्या नाण्यांवर तपासून आलेख बनवला की अज्ञात वस्तू त्यावर ठेवून पाहता येते. दोमेनेक-कार्बो यांच्या गटाने २०१४ साली हे प्रसिद्ध केलं. यावर फार भाळू नये. कोरड्या, शांत वातावरणातल्या वस्तूंना ते बरं लागू पडतं. क्लोराइडने ग्रासलेल्या वस्तूंवर फसतं. पंचवीस वर्षांच्या अचूकतेने तारीख मिळेल अशी अपेक्षा तर नकोच. पण गेल्या महिन्यात रसायन लावून हिरवी केलेली मूर्ती आणि हजार वर्षांपूर्वीची मूर्ती यांत फरक करायला ते उपयोगी आहे. आणि दख्खनकडे एक गोष्ट आहे जी फार थोड्या प्रदेशांकडे आहे: राजाच्या नावाची नाणी. गौतमीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी यांच्या कालनिर्णयात काही दशकांचे वाद असतील, पण अठराशे-एकोणीसशे वर्षांच्या हिशेबात तेवढी तूट चालते. एकाच पांढरीतली अशी नाणी घेऊन त्या मातीपुरता आलेख बनवणं शक्य आहे.

अशा साक्षीची गरज कुठे आहे, हे पाहायला दायमाबादला जावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार ओतीव वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा, रेडा. भरीव, मिळून ६० किलोंच्या वर वजनाच्या. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी आक्षेप घेतला: या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, म्हणून त्या ऐतिहासिक काळातल्या असाव्यात. दोन हजार वर्षांचा फरक! आणि वस्तू थेट उत्खननाच्या थरात मिळालेल्या नसल्याने वाद सुटत नाही. आर्सेनिक ओतकामातच पृष्ठभागाकडे सरकतं, क्षरणात तर तिथलं प्रमाण आणखी बदलतं. पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत थरागणिक मापं आणि त्याच गावच्या निश्चित थरांतल्या तांब्याशी क्षरणाची तुलना, या दोन गोष्टींनी वाद मिटेलच असं नाही, पण नुसत्या टक्केवारीवर तो लढवत राहण्यापेक्षा बरं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा साठा याहून सोपी संधी देतो. तिथे १९४४ ते ४६ दरम्यान झालेल्या उत्खननांत पंचगंगेकाठच्या घरात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात रोमन जगातून आलेली पोसायडनची छोटी मूर्ती आहे, आरसा आहे आणि इथेच घडवलेला, स्वार बसलेला हत्तीही आहे. टाऊन हॉल संग्रहालयात त्या पाहता येतात. एकाच मातीत, एकाच काळापासून, दोन वेगळ्या परंपरांची कासी शेजारी शेजारी पडून राहिली. प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायचा म्हटलं तर दोन हजार वर्षं थांबावं लागेल.

पूजेतल्या मूर्तींचा प्रश्न वेगळा आहे. जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ इथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावच्या मंदिरातून, ऑगस्ट २०२२ मध्ये पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून काढल्या आणि जिल्ह्याने सुटकेचा निःश्वास टाकला. रोज पंचामृत, रोज चिंच किंवा पितांबरी, त्यामुळे अशा मूर्तींवर जुना थर टिकत नाही, आणि टिकावा असा आग्रह धरणंही बरोबर नाही. ती देवाची मूर्ती आहे, कपाटातला नमुना नव्हे. पण घासणं झाल्यावर मीठ आणि आंबट पूर्ण धुवून मूर्ती कोरडी पुसावी, एवढं सांगता येतं. आणि प्रत्येक देवस्थानाने आपल्या मूर्तींचे फोटो, वजन, मापं आणि शक्य असेल तर एकदा घेतलेली धातूची नोंद ठेवावी. चोरलेली मूर्ती परत आली तर ती तीच आहे, हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

साधनांची तशी अडचण नाही. लागणारं पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे विभव बदलत विद्युतधारा मोजणारं यंत्र, बॅटरी आणि संवेदकांवर काम करणाऱ्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत असतंच. कारैकुडीला १९५३ पासून केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आहे, लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि अजिंठा-वेरूळमुळे पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे. उणीव आहे ती पुरातत्त्ववाला आणि रसायनवाला एका टेबलाशी बसण्याची. उत्खननाच्या अंदाजपत्रकात छायाचित्रकाराची तरतूद असते, तशी क्षरण पाहणाऱ्याचीही हवी, आणि तीही वस्तू साफ होण्याच्या आधी.

तोवर ज्याच्या शेतात, पायाच्या खड्ड्यात किंवा पांढरीच्या ढिगात हिरवं काही निघेल त्याने ते धुऊ नये, घासू नये, लिंबू-चिंच लावू नये. ओल्या मातीसकट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नये. सावलीत सुकू द्यावं, साध्या कागदात गुंडाळावं आणि बाजूची मूठभर माती वेगळ्या पुडीत ठेवावी. फिकट हिरवी पूड झडत असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं. नाणी प्लायवूडच्या खणात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लवाफांनी शिशाची नाणी पांढरी पूड होऊन जातात. आणि तहसील कार्यालयात कळवावं: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं असं जमिनीत दडलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं आजही बंधनकारक आहे.